पिनेचं जाड टोक

अकरा वर्षांनी दादाचा फोन आला आणि पहिलं वाक्य काय, तर "जुन्या पिकअपच्या लिव्हर आहेत म्हणे तुझ्याकडे." कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. मला हसूच आलं. स्टिअरिंगखालच्या त्या दोन लिव्हर, एक गिअरची आणि एक इंडिकेटरची, आता बाजारात मिळत नाहीत. माझ्याकडे जोडी आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते कुणीतरी मीच पाठवलेलं होतं.

"लिव्हर दे, बसवतो मी," तो म्हणाला.

"सुट्या देत नाही. गाडी आण. आणि बाबांनाही आण, गाडी त्यांची आहे."

फोन ठेवला आणि दोन्ही लिव्हर पुसून फळीवर मांडल्या. आनंदाने. खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं भावंडं बाबांच्याच गॅरेजात काम शिकलो. बाबांचे नियम कडक. त्यातला एक या गाडीचा. गिअरची लिव्हर स्टिअरिंगच्या दांड्याला एका बोटभर लांब पिनेने अडकवलेली असते. पिन एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. ती नेहमी वरून ठोकायची, जाड टोक वर, म्हणजे ढिली झाली तरी खाली पडत नाही. काढताना खालून पंच, म्हणजे बोथट लोखंडी सळई, लावायचा आणि बारीक टोकावर मारायचं. पण वरून ठोकायची तर हातोडीला जागा हवी, म्हणजे आधी स्टिअरिंगचं चाक उतरवायचं. त्यात अर्धा तास जातो. मी तो अर्धा तास घालवायचे. दादाला अर्धा तास म्हणजे जन्मठेप.

अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी लिव्हर न्यूट्रलला दिसत होती आणि गिअर मात्र रिव्हर्समध्ये अडकलेला होता. पिन ढिली असली की असं होतं. दादाने गाडी चालू केली. मागे बाबा उभे होते. गाडी मागे सरकली आणि त्यांचा पाय भिंतीत चेपला. पाय वाचला, गुडघा कायमचा गेला.

"पिन हिनेच बसवली होती," दादा म्हणाला. "मी त्या पिनेला बोटसुद्धा लावलेलं नाही."

आठवड्यापूर्वी मीच बसवली होती, हे खरं होतं. वरून, जाड टोक वर, हेही खरं होतं. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. बाबांनी गॅरेजची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं, गाडी मागच्या शेडमध्ये झाकून ठेवली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात. त्यांची खुर्चीही त्या गाडीसमोरच. कुणाची हात लावायची टाप नव्हती. यंदा त्यांनी हट्ट धरला की गंजलेल्या लिव्हर बदलून गाडी पुन्हा रस्त्यावर यायला हवी. दादा तोवर सगळं विसरून गेला होता. त्याला विसरणं परवडत होतं.

मंगळवारी सकाळी गाडी दोराने ओढत माझ्या दुकानाच्या दारात आली. बाबा काठी टेकत उतरले, माझ्याकडे न बघता. मी खुर्ची दिली, गाडीच्या उघड्या दाराला अगदी लागून. ते बसले.

मी स्टिअरिंगखाली आडवी झाले आणि बोटाने पिन चाचपली. जाड टोक खाली होतं. बोट पुन्हा फिरवलं. कड खडबडीत, कानस मारलेली. ती पिन नव्हतीच. खिळा घासून पिनेसारखा केलेला होता. कुणीतरी चाक न उतरवता खालूनच दामटला होता.

ओरडावंसं वाटलं. पण माझं ओरडणं अकरा वर्षांपूर्वी कुणी ऐकलं होतं? मी मिठाची गुळणी धरली आणि नियमाप्रमाणे खालून पंच लावून ठोकायला लागले. मला ठाऊक होतं की अशाने तो आणखी घट्ट बसणार. चार ठोके मारले. सहा मारले. मुद्दामच सुस्कारे टाकले.

"निघत नाही," मी म्हणाले.

"बाजूला हो!" दादा खेकसला. "पिन काढता येत नाही आणि दुकानाची पाटी लावलीय!"

त्याने माझ्या हातातली हातोडी हिसकावली, फळीवरचा सगळ्यात लांब पंच उचलला, स्टिअरिंगच्या दोन काड्यांमधून वरून आत घातला आणि एकच ठोका मारला. खाली वाकला नाही, बघितलं नाही, बोटाने चाचपलंही नाही. खिळा फरशीवर टणकन पडला.

"हे असं असतं," तो म्हणाला.

बाबांनी काठीने खिळा स्वतःकडे ओढला. उचलला. अंगठ्याने कानशीच्या खुणा चाचपल्या, मधे झिजून पडलेली कंबर चाचपली. मग दादाकडे बघितलं.

"वरून का मारलंस?"

दादाने हातातल्या पंचाकडे बघितलं. "ते... असंच. खालून निघत नव्हती ना."

"हिला निघत नव्हती. तू खालून मारून बघितलंसच कुठे?" बाबांचा आवाज बारीक झाला होता. "बोटसुद्धा लावलं नव्हतंस ना तू?"

"बाबा, लिव्हर काढली तेव्हा पिन हरवली होती. गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं..."

"हातोडी तिला दे."

दादाने हातोडी दिली. चेहरा पार उतरला होता. इतकी वर्षं रोज रात्री मनातल्या मनात मी तो चेहरा उतरवला होता. प्रत्यक्षात त्याहून छान दिसत होता.

मी घाई केली नाही. दांड्यावर खूण केली, पुलर लावून चाक उतरवलं. इंडिकेटरची लिव्हर बदलली, मग गिअरची. नवी पिन वरून ठोकली, जाड टोक वर. चाक खुणेवर बसवलं. सगळा वेळ दादा दाराशी उभा होता आणि कुणी त्याला बस म्हणालं नाही.

"घरी चल," बाबा म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. "चुकलं माझं."

हेच ऐकायला मी आयुष्य घालवलं असतं. पण आतून राग काही हटेना.

"एकदा खाली बघायचं होतंत, बाबा. जाड टोक तिथेच होतं."

"मला वाकता येत नव्हतं गं."

"मला येत होतं. मी दारातच उभी होते, रडत. मला म्हणायचं होतंत, जा, बघून ये."

बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. गाडीची किल्ली त्यांनी पुढे केली. मी ती घेऊन दादाच्या हातात दिली.

"ने गाडी. लिव्हर पक्की बसलीय."

बाबांनी मुठीतला खिळा माझ्यापुढे धरला. मी त्यांची मूठ मिटवली.

"तो ठेवा तुमच्या खिशात," मी म्हणाले. "किल्लीची जागा रिकामी झालीय."