वीतभर येसाजी

"आई, बाबा कुठे गेले?" दर्शनाने पडवीतून विचारलं.

"हायत की. चुलीपाशी."

दर्शनाने कपाळावर हात मारला. बाबा, म्हणजे तिने तारेच्या सांगाड्यावर मेणमाती चढवून केलेला वीतभर येसाजी, खरोखरच पाटावर ऊब घेत बसला होता. नाक पार ओघळलं होतं. खरे येसाजी जाऊन दोन पावसाळे झाले होते.

मुंबईच्या एका स्टुडिओत दर्शनाने उमेदीची वर्षं परदेशी कार्टूनमधल्या सशाचे कान हलवण्यात घालवली. कान तिचे, ससा दुसऱ्याचा. शेवटी कंटाळून ती वरंधला घरी आली आणि पडवीत जुन्या दाराच्या फळीवर शेत, घर, पायवाट मांडून स्वतःची पहिली फिल्म करायला बसली. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. दिवसभर मान मोडून काम करावं तेव्हा येसाजी चार पावलं चालणार. पोरगी घरी बसून काय करते, असं गावात कुणी विचारलं की तिची आई, बनुबाई, सरळ सांगायच्या, "बापाला चालवते."

एकच अट होती, मध्ये कुणी हात लावायचा नाही. पण बनुबाई दिवेलागणीला कोंबड्या झाकायच्या, वाळत घातलेलं आत घ्यायच्या, त्याच ओघात वाटेवर उभ्या नवऱ्यालाही उचलून आणायच्या.

"सगळं काम पाण्यात गेलं," दर्शना वैतागली. "आता तशीच्या तशी जागा कुठून सापडणार? रात्रभर तिथेच राहायला हवेत ते."

"रातभर? दंवात?"

"बाहुला आहे गं तो."

"ठाव हाय गो. त्यांचा शर्ट मीच फाडून दिला ना तुला." बनुबाईंनी चुलीत लाकूड सारलं. "पन तिनीसांजंला समोर उभे दिसतात, नि माझ्यानं ऱ्हावत नाय."

दर्शनाला हसू आलं. फिल्मचा शेवटच तेवढा राहिला होता. येसाजी सकाळी दारातून निघतात, वळणाआड जातात, परत येत नाहीत. फिल्म पुण्याच्या महोत्सवाला वेळेत पोचेल की नाही ही धाकधूक होतीच. पण आईला हा शेवट सोसेल का, ही त्याहून मोठी.

दुसऱ्या दिवशी तिने नाक नीट केलं, बाहुला दारात उभा केला आणि आईला हाक मारली.

"आज तू चालव. मी फोटो काढते."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"उचलून आणतेस ना? मग आता पोचवायलाही तूच जा."

बनुबाई पदराला हात पुसून फळीपाशी बसल्या. आयुष्यभर भात लावलेली बोटं, पण पहिल्यांदा केसभराच्या जागी बाहुला बोटभर सरकला. दोन फोटो वाया गेले. नंतर हात बसला. "सावकाश, दगड हाय," असं त्या बाहुल्याला सांगू लागल्या तेव्हा दर्शनाला खूप दिवसांनी बरं वाटलं. जेवणाची आठवणही दोघींना उशिराच झाली.

चार पावलांवरचं वळण आलं तेव्हा उन्हं उतरली होती.

"आता मान जराशी घराकडे वळव," दर्शना म्हणाली. हा क्षण तिने सगळ्यात आधी कागदावर काढला होता आणि त्यावर तिचा फार जीव होता.

बनुबाईंनी हात मागे घेतला. "मागं कशाला बघतील? कधी बघितलं नाय त्यांनी."

"कधीच नाही?"

"मी दारात हाय, ठाव असायचं त्यांना."

दर्शनाने पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. बनुबाईंनी येसाजींना तसंच पाठमोरं, केसाकेसाने पुढे नेलं. खांदा गेला, टोपी गेली. वाट रिकामी झाली. दर्शना फोटो काढतच राहिली.

"आता कशाचे काढतेस? कुनी नाय तिथं."

"बघणाऱ्यांनी थोडा वेळ वाटेकडे बघावं म्हणून."

बनुबाईंना ते पटलं. "काढ मग. मला काय घाई नाय," म्हणत त्यांनी पाय पसरले, आणि त्याही वाटेकडे बघत बसल्या.