देठावरचं कडं

गोजरबाईची बोटं देठावर थांबली. बाजारात विकायला मांडलेल्या बुट्टीतली ती अळंबी तिनं डोळ्यांजवळ नेली, पण मोतीबिंदूमुळं नुसतं पांढुरकं धुकं दिसलं. देठाला मधोमध अंगठीसारखं कडं होतं. वारुळावरच्या अळंबीला असं कडं नसतं; विषारीला असतं. तिचं लांब मूळ थेट वारुळाच्या पोटात गेलेलं असतं.

"मुळं कुटं हायत गं?" तिनं सुनेला विचारलं.

"कापली की. माती लागलेली कोण घेतंय?"

"समदी वारुळावरचीच ना?"

सून घुटमळली. "थोडी बांधावरची. सारखीच दिसत हुती, आत्या."

गेली तीस वर्षं गोजरबाई पावसाळ्यात दुधनीहून पहिल्या गाडीनं सोलापुरात अळंबी विकायला आणत होती. एकेक स्वतः उपटायची, उलटी करून बघायची. यंदा डोळे गेले, गुडघे गेले, म्हणून सुनेनं उपटून आणली. आज गाडीत डुलकी लागली आणि बुट्टी तपासायची राहिली.

रिपरिपीत गिऱ्हाईक एकच झालं होतं. शरणम्मा, दरसाल घेणारी, बाजारामागच्या विणकर गल्लीतली.

सुनेचा खांदा धरून, पाय ओढत ती तिथं पोचली. कालवणाचा वास दारापर्यंत आला होता. शरणम्माचा नवरा मागावर जायच्या घाईत ताटावर बसला होता, शेजारी दोन पोरी; घास अजून कुणी घेतला नव्हता.

"खाऊ नगा!" गोजरबाई दारातूनच ओरडली. "त्यात इखारी आसंल."

"आसंल म्हंजे?" शरणम्मा उठली. "हाय का न्हाय ते सांगा की, मावशी."

"शिजल्यावर मलाबी वळखाया येत न्हाय. म्या बघितल्याबिगर दिली. चूक माजी."

सुनेनं मान वर केली, पण गोजरबाईनं तिला बोलू दिलं नाही.

दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. मिलोची, रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी खाल्लेल्या घरात भरलं पातेलं ओतायला कुणाचा हात धजेना. शेवटी गोजरबाईनंच ते उचललं, परसात खड्डा करून रिकामं केलं, वर माती लोटली. कदाचित सगळी अळंबी चांगलीच असेल. ते आता कुणाला कळणार नव्हतं.

"फुडल्या साली..." शरणम्मा अडखळली.

"न्हाय बाई. झालं आता."

नवरा चटणी-भाकरी खाऊन मागावर निघून गेला. गोजरबाई वळचणीला टेकली होती. शरणम्मानं तव्यावरची भाकरी तिच्या हातावर ठेवली.

"सकाळधरनं उपाशीच असाल तुमी."

गोजरबाईनं भाकरी मोडली. मोठा तुकडा सुनेपुढं केला आणि उरलेला, पावसाकडं तोंड करून, सावकाश चावत राहिली.