लग्नाचा एलँड

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. गोबाबिस गावच्या पोलीस ठाण्यामागच्या एका खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. या खोलीत आलेली बंदूक परत कोणाच्या घरी जात नाही. जमा झालेल्या बंदुका कापून वितळवतात, असं शिपाई आपसात बोलतात. माझीही पाळी येईलच. तोवर माझी हकिकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. बंदुकीचा कॅलिबर म्हणजे ढोबळ मानानं तिच्या गोळीची जाडी. माझी गोळी सात मिलिमीटरची आणि तिचं पितळी नळकांडं सत्तावन्न मिलिमीटर लांबीचं, म्हणून माझ्या जातीला 'सात सत्तावन्न' म्हणतात. माझी गोळी फार जड नाही आणि माझा खांद्याला बसणारा दणकाही मोठा नाही. पोटापुरती शिकार करणाऱ्या शेतकऱ्यांना मी म्हणूनच आवडत असे.

जहाजातून आणि मग रेल्वेनं मी कालाहारी वाळवंटाच्या कडेला आले. तिथल्या बेरेन्ड नावाच्या शेतकऱ्यानं मला घेतलं. लाल वाळू, काटेरी झाडं आणि मैलोन्मैल तारेचं कुंपण, असं त्याचं रान होतं. त्याची गुरं आणि रानातली हरणं एकाच रानात चरत. बेरेन्ड माझ्या नळीतून दर शनिवारी तेलाचा बोळा फिरवायचा आणि दस्त्याला जवसाचं तेल चोळायचा. घरातल्या कोणत्याही वस्तूची एवढी काळजी तो घेत नसे.

बेरेन्डचा मुलगा लोरेन्स माझ्याच साथीनं नेम धरायला शिकला. त्याच्याबरोबर कायम तुआहेपा असायचा. तुआहेपा हा गुराख्याचा मुलगा, हेरेरो जमातीचा. दोघं एकाच वयाचे, एकाच ओढ्यात पोहलेले, एकाच गाढवावरून पडलेले. लोरेन्स नेम धरायचा आणि तुआहेपा माग काढायचा. वाळूत उमटलेल्या खुरावरून जनावर सकाळी गेलं की दुपारी, हे तो चालता चालता सांगायचा आणि वर लोरेन्सच्या बुटांची टिंगल करायचा.

बेरेन्ड वारल्यावर लोरेन्सनं दूरदेशीच्या पाहुण्यांना शिकारीला आणायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी त्यानं आणखी एक रायफल घेतली, तीनशे पंच्याहत्तरची; तिचा कॅलिबर इंचाच्या हजारांशात मोजतात. ती माझ्याहून बरीच दणकट होती. तिची गोळी माझ्या गोळीच्या जवळजवळ दुप्पट वजनाची. कपाटात आम्ही शेजारी शेजारी राहत असू.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात नेहमी एकच चर्चा रंगायची: उद्या कोणती बंदूक न्यायची? पाहुण्यांना मोठीचं आकर्षण. पण सरावाला तिचा एक दणका खाल्ला की पुढच्या गोळीला त्यांचे डोळे आपोआप मिटायचे आणि गोळी भलतीकडे जायची. मग लोरेन्स मला त्यांच्या हातात द्यायचा. माझा धक्का सोसवायचा, हात स्थिर राहायचा आणि हरीण जागच्या जागी बसायचं. लहानखुरा स्प्रिंगबॉक, लांब सरळ शिंगांचा गेम्सबॉक, कधी पीळदार शिंगांचा मोठा कुडूसुद्धा मी एका गोळीत पाडला. पाहुणे माझ्या दस्त्यावर थोपटायचे. लोरेन्सची बायको एल्साबे म्हणायची की आमच्या घरात सगळ्यात शहाणी हीच. मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

मित्रांनो, ते कौतुक खोटं नव्हतं. पण ते ज्या जनावरांवरून झालं होतं, त्या जनावरांपुरतंच खरं होतं. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग पाऊस थांबला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वर्षी त्यांनी गुरं विकायला काढली. तिसऱ्या वर्षी गुरं घ्यायलाही कोणी येईना. कुडूंमध्ये पिसाळण्याचा रोग आला आणि ते पाणवठ्यावर तोंडाला फेस येऊन पडू लागले. गेम्सबॉक फळकुटासारखे सुकले. पाहुणे यायचे बंद झाले. त्याच वर्षी लोरेन्स पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीच्या शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा मोडला. डॉक्टरांनी आत पट्टी आणि खिळे घालून तो जोडला. हात वर जायला लागला, पण थंडीत ठणका मारायचा.

त्या हिवाळ्यात तुआहेपाच्या मुलीचं, वेझेम्बाचं लग्न ठरलं. मुलाकडची ओकाकारारा गावची माणसं, मोठं खटलं. हेरेरोंच्या लग्नाला मांस लागतं आणि ते सहसा घरच्या गुरांचं असतं, पण तुआहेपाच्या गोठ्यात आता दोनच गाई उरल्या होत्या. दोन्ही गाभण. बाभळीच्या शेंगा वेचून, दुरून पाणी वाहून त्यानं त्या जगवल्या होत्या. त्या कापल्या तर पाऊस आल्यावर पुन्हा कळप उभा करायला काही उरणार नव्हतं.

लोरेन्सनं त्याला शब्द दिला. रानात एकच एलँड उरला होता, म्हातारा नर, मानेखाली लोंबती पोळी, अंग निळसर राखाडी. एलँड म्हणजे बैलाहून मोठा हरणाचा प्रकार. तो झाडपाला खाऊन राहतो, म्हणून दुष्काळातही त्याच्या अंगावर मांस टिकलं होतं. एक एलँड पडला असता तर अख्खं वऱ्हाड जेवलं असतं आणि गाई वाचल्या असत्या.

शिकारीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं मित्र स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. एल्साबेनं कॉफी आणि कडक रस्क पुढे ठेवले. आम्हा दोघींना कपाटातून काढून टेबलावर आडवं ठेवलं होतं.

लोरेन्सनं मोठीवर हात ठेवला. एलँडला हीच लागते, असं तो म्हणाला.

"आणि तुझा खांदा?" तुआहेपा म्हणाला. "एका दणक्यात आतले सगळे खिळे माझ्या पायाशी येऊन पडतील. मग मी एलँड उचलू की तुला?"

"मग मोठी तू चालव."

"माझ्या उजव्या डोळ्यात पडदा आलाय. माग दिसतो, नेम नाही दिसत. वहिनी, तुम्ही सांगा याला."

एल्साबेनं डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सगळं ऐकवलं. लोरेन्स म्हणाला की थोडे दिवस थांबू, गोबाबिसहून कोणी चांगला नेमबाज बोलावू. पण लग्न पुढच्या शनिवारी होतं. तुआहेपानं मला उचललं, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि लोरेन्सच्या मांडीवर ठेवलं.

"हिनं आपल्याला कधी उपाशी ठेवलंय का?" तो म्हणाला. "जवळ जाऊ. मी नेतो तुला जवळ."

लोरेन्सनं मला हातात तोलून पाहिलं. मोठीनं एलँड नक्की पडेल, पण खांदा जाईल. माझ्यानं खांदा राहील, पण एलँड पडेलच असं नाही. हा हिशेब त्याला कळत होता. तरी समोर बालपणचा मित्र होता आणि तो आपल्या लेकीच्या लग्नापेक्षा याच्या खांद्याची काळजी करत होता. त्याला नाही म्हणणं लोरेन्सला जमलं नाही. त्यानं माझी काडतुसं खिशात टाकली. मला तोंड असतं तर मी म्हटलं असतं की मला नका नेऊ. पण बंदुकीला कोणी विचारत नाही.

सकाळी वारा चुकीच्या बाजूनं वाहत होता. एलँड कोरड्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर, एका एकट्या झाडाखाली उभा होता. मध्ये सगळं उघडं मैदान. दोघं गुडघ्यांवर, मग पोटावर सरकत गेले. तुआहेपानं कबूल केलं होतं तितकं जवळ जाता येईना. आणखी पुढे गेलं असतं तर वास लागून तो पळाला असता. लोरेन्सनं मला काठीच्या तिकाटण्यावर टेकवलं. एलँड जरा तिरका उभा होता. लोरेन्सनं वाट पाहिली, पण तो सरळ वळेना. वारा फिरायला लागला.

लोरेन्सनं चाप ओढला.

नेम चुकला नाही, मित्रांनो. गोळी जिथे जायला हवी होती तिथेच लागली. पण खांद्याचं जाड हाड फोडून पुढे काळजापर्यंत जाण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. एलँड थरारला, गुडघ्यावर आला, उठला आणि चालू लागला. लोरेन्सनं दुसरी गोळी घातली तेव्हा तो पाठमोरा होता आणि झाडांत शिरत होता. ती गोळी लागली की नाही, कोणाला कळलं नाही.

तुआहेपानं माग धरला. रक्त थोडंच होतं, मधूनच एखाद्या पानावर थेंब. सूर्य बुडेपर्यंत ते चालले. दुसऱ्या दिवशी माग खडकाळ जमिनीवर गेला आणि तिथून कुंपणाच्या मोडक्या तारेखालून शेजारच्या रानात. त्या रानाचा मालक राजधानीत राहायचा. त्याच्या परवानगीशिवाय बंदूक घेऊन पलीकडे जाता येत नव्हतं. एल्साबे दिवसभर फोन लावत होती. परवानगी मिळाली तोवर अंधार पडला.

त्यानंतरच्या सकाळी त्यांना गिधाडं दिसली. एलँड एका खोलगट जागी मरून पडला होता. मरायला त्याला बराच वेळ लागला असावा, कारण भोवतालची वाळू पायांनी उकरलेली होती. तरस आधी येऊन गेलं होतं. उरलेलं मांस उन्हात हिरवं पडलं होतं. सुरी लावण्याजोगं काही नव्हतं.

लोरेन्स मला कुशीत धरून खाली बसला. तुआहेपा एलँडच्या शिंगांजवळ उभा राहिला. लोरेन्स वाट बघत होता की आता हा बोलेल, शिवी देईल, निदान माझ्यावर तरी थुंकेल. तुआहेपा वळून आला. त्यानं आपली पाण्याची बाटली लोरेन्सच्या हातात दिली.

"खांदा कसा आहे?" त्यानं विचारलं.



शुक्रवारी तुआहेपानं दोन्ही गाई कापल्या. पोटातली वासरं त्यानं कोणाला पाहू दिली नाहीत. लग्न थाटात झालं. गुरांच्या शिंगांसारखे फेटे बांधलेल्या, घोळदार झग्यांतल्या बायका वेझेम्बाला घेऊन गेल्या आणि पाहुण्यांनी तुआहेपाच्या मनाच्या मोठेपणाची तारीफ केली. लोरेन्स आणि एल्साबे मानाच्या जागी बसले. लोरेन्सनं ताटातलं मांस खाल्लं नाही. तुआहेपानं ते पाहिलं. त्यानंतर दोघांची भेट झाली की हवापाण्याचं बोलणं व्हायचं. टिंगल होत नसे.

पुढच्या वर्षी पाऊस आला. एवढा की सगळं रान कमरेइतक्या गवतानं भरलं. वाऱ्यावर ते गवत डोलायचं आणि ते खायला कोणी नव्हतं. तुआहेपा रोज सकाळी उठून रिकाम्या गोठ्याच्या दाराशी उभा राही. मग एक दिवस वेझेम्बा आली आणि त्याला शहराकडे, पत्र्याच्या घरात घेऊन गेली. जाताना तो लोरेन्सच्या घरी आला होता. लोरेन्स आतल्या खोलीत होता. एल्साबेनं हाक मारली, पण तो बाहेर आला नाही.

लोरेन्सनं मला पुन्हा हातात घेतलं नाही. कपाटात माझ्या नळीवर गंज धरला. दस्त्याला भेग पडली. शेवटी त्यानं रान विकलं आणि समुद्राकडे बहिणीच्या गावी जायचं ठरवलं. मोठी रायफल एका शिकारी वाटाड्यानं लगेच नेली. मला कोणी घेतलं नाही. आज माझ्या जातीची काडतुसंही दुकानात मिळायची मारामार. लोरेन्सनं मला एका जुन्या चादरीत गुंडाळून या ठाण्यात आणून दिलं. शिपायानं विचारलं की ही बिघडली आहे का. लोरेन्स म्हणाला, नाही, हिच्यात काही बिघाड नाही. एवढंच बोलून तो निघून गेला.

मित्रांनो, माझी फार मोठी मागणी नाही. मला पुन्हा तेल लावा, मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. माझं जे व्हायचं ते होईल. पण तुम्ही कधी एखादी वस्तू एखाद्या कामासाठी उचलाल, तेव्हा ती तुमची लाडकी आहे एवढ्यावर तिला नेऊ नका. जे काम पुढे उभं आहे त्याच्याकडे आधी बघा. ते तिच्या आवाक्यातलं नसेल तर तिला जागेवर ठेवा. वस्तूचीही काळजी त्यातच आहे आणि ज्याच्यावर तिचा वार होणार त्या जिवाचीही.

आज सकाळी दोन शिपाई खोलीत आले होते. त्यांनी पलीकडच्या भिंतीजवळच्या बंदुका मोजून बाहेर नेल्या. उद्या या बाजूच्या नेणार आहेत.