तीन रिकामे बाइट

सकाळपासून एकच फाइल, आणि तिनं धाकटीच्या नाकी नऊ आणले होते.

फाइल ताईच्या दवाखान्यातली. तिथल्या लशींची जबाबदारी ताईची. लशींच्या फ्रिजचा तापमान दाखवणारा पडदा सकाळी बंद पडला आणि रात्रीपासून आत किती तापमान होतं हे कळायला एवढी फाइलच उरली. आठ अंशांच्या वर गेलं नसेल तर लस टोचायची, गेलं असेल तर महिन्याचा साठा फेकायचा. बाहेर बारा आया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या.

"अगं, एवढी शिकलीस, आणि एक फाइल वाचता येत नाही?" ताई फोनवर म्हणाली.

"दर दहा मिनिटांनी फोन केलास तर कशी वाचू?"

खरं तर काम पोरखेळ होतं. दर दहा सेकंदांना एक नोंद, नोंदीत तीन गोष्टी. फ्रिजच्या पुस्तिकेत मापंही दिलेली: वेळेला आठ बाइट, तापमानाला चार, दार उघडं की बंद याला एक. धाकटीनं फाइल वाचणाऱ्या 'लायब्ररी' या तयार प्रोग्रामला तसाच तेरा बाइटांचा साचा सांगितला, प्रत्येक रकान्याचं नाव आणि प्रकार देऊन. पहिली नोंद चोख आली. दुसरीत फ्रिज भट्टीहून तापलेला, तिसरीची तारीख पणजोबांच्या जन्माआधीची! लायब्ररी मात्र तक्रारीचा शब्द काढेना. इतकं मख्ख कुणी असतं का? धाकटीनं बाइटांचा क्रम उलटवला, प्रकार बदलले, पुस्तिका लिहिणाऱ्याचा उद्धार केला.

शेवटी चिडून तिनं फाइलचा आकार नोंदींच्या संख्येनं भागला. हे सगळ्यात आधी करायचं असतं. उत्तर आलं सोळा. पुढची नोंद आठाच्या पटीतल्या बाइटापासून सुरू व्हावी म्हणून फ्रिजचं यंत्र प्रत्येक नोंदीमागे तीन बाइट रिकामे सोडत होतं, आणि पुस्तिकेत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. साच्यात 'जागा सोड' अशा अर्थाचा एक शब्द वाढवायचा होता. त्यापायी तीन तास मातीत गेले.

आता नोंदी सरळ आल्या. चार अंश, चार, साडेचार. धाकटी खुर्चीतून उठलीच. मग सकाळच्या सव्वासहाची नोंद आली: दार उघडं. नऊ, बारा, चौदा. दार बंद झालं ते पावणेआठला, येता-जाता कुणाचा तरी धक्का लागून बहुधा. साचा अजून चुकला असावा म्हणून तिनं पुन्हा वाचून पाहिलं. चुकला नव्हता.

"ताई, साठा गेला. सव्वासहापासून दार उघडं होतं."

ताई म्हणाली, "सहाला मीच आले होते. बाटल्या मोजल्या आणि दार..."

"फाइल वाचता आली नाही म्हणून सांग," धाकटी म्हणाली. " साठा तसाही फेकणारच. दोष यंत्रावर जाईल."

"नको. नीट वाचता येईल अशी करून पाठव, मोठ्या डॉक्टरांना मीच दाखवते. आधी बाहेर सांगून येते, बायका कधीच्या ताटकळल्यात."

फाइल पाठवून धाकटी स्वतःवरच चडफडत बसली. साचा सकाळीच जमला असता, तर बायका ताटकळल्या नसत्या आणि ताई सकाळीच रडून मोकळी झाली असती.