पाण्यासारखी दिसणारी डायची बाटली

मी डायची एक जुनी बाटली आहे. आता रिकामी आहे, पण मित्रांनो, कीव करायची नाही हं. कोल्हापुरातल्या एका एक्स-रे दवाखान्याच्या खिडकीत मी अजून मान ताठ ठेवून बसले आहे.

डाय म्हणजे रंग, पण माझ्या पोटातलं औषध अगदी पाण्यासारखं होतं. ते शिरेत टोचलं, की एक्स-रेच्या फिल्मवर रक्ताची वाट उमटते आणि वाटेत गुठळी असली तर तीही कळते. हे काम करायला रंग कशाला हवा?

१९९६ साली बिद्री गावच्या आकारामांना इथं आणलं. उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता, आणि प्लास्टर काढल्यावर पोटरी टम्म सुजली. त्यांचे थोरले भाऊ केरबा म्हणजे तालमीतले वस्ताद. मुरगळलेले पाय चोळून बरे करण्यात त्यांचा मोठा लौकिक. त्यांनी दोन दिवस तेल लावून ती पोटरी मनापासून रगडली. सूज वाढतच गेली, तेव्हा आकारामांची बायको चिमणाबाई नवऱ्याला जीपमध्ये घालून घेऊन आली. मागोमाग तेलाची वाटी घेऊन केरबाही आले.

डॉक्टर म्हणाले, "गुठळी असेल तर चोळून ती सुटेल आणि फुप्फुसात जाईल. माणूस जागच्या जागी जातो."

केरबांनी मला उचलून उजेडात धरलं. "ह्यात तर नुसतं पाणी हाय की. हे काय दाखवणार, डोंबल?" असं म्हणून ते पायाकडं वळले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दिरासमोर कधी वर मान करून न बोललेली चिमणाबाई खाटेसमोर आडवी उभी राहिली. "आण्णा, फोटू निघंपतोर पायाला हात लावायचा न्हाय. लावायचाच असंल तर आदी मला बाजूला करा."

केरबा जागीच थबकले. मग माझं औषध आकारामांच्या पावलातल्या शिरेत गेलं. फिल्मवर पोटरीतली गुठळी स्पष्ट दिसली, चांगली बोटभर.

केरबा तेलाची वाटी बाजूला ठेवून खाली बसले. "ह्याच हातांनी भावाला मारला असता की गं मी."

"मारला न्हाईसा. उठा आता, स्ट्रेचर धरा," चिमणाबाई म्हणाली.

रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. महिन्याभरानं आकाराम आपल्या पायांनी चालत तपासणीला आले.

आता सोनोग्राफी आली आहे. सुई न टोचता गुठळी दिसते आणि या कामासाठी मला कुणी विचारत नाही. न विचारू देत. मी माझं काम चोख केलं आहे.

तुम्ही मात्र एवढं करा. प्लास्टर काढल्यावर कुणाचा पाय सुजला, तर चोळू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. घरातलं थोरलं माणूस तेल घेऊन पुढं आलं, तर आडवे उभे राहा. रागावतील, रागावू देत. माणूस तर वाचेल.