बेबीच्या पायाखालचा ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. हे नाव कुणी ठेवलेलं नाही, मी आहेच तसा. सहा फळ्या, आतून पोकळ, उचलायला दोन बाजूंना हात जाईल एवढी भोकं. माझ्या चेहऱ्यावर भाव दिसत नाहीत अशी तक्रार असते. ती सिनेमातल्या बऱ्याच जणांबद्दल होती आणि त्यांचं काही अडलं नाही.

स्टुडिओच्या सुतारखान्यात राजवाड्याचा सेट मोडल्यावर उरलेल्या दरवाजाच्या फळ्यांतून सुतारकाकांनी मला ठोकला. राजवाडा पुठ्ठ्याचा होता, दरवाजा तेवढा अस्सल, म्हणून मी आजवर टिकलो. काम साधं होतं. कॅमेऱ्यासमोर जो बुटका पडेल त्याच्या पायाखाली जायचं. मला तीन उंच्या आहेत. लाइटमन सांगायचा, "ठोकळा उभा," "ठोकळा कुशीवर," "ठोकळा आडवा," आणि मी तसा व्हायचो. आडवा असलो की माझी उंची जेमतेम वीतभर. भले भले नायक माझ्यावर उभे राहून नायिकेकडे वरून बघायचे. कोण ते मी सांगणार नाही. पायाखालच्यानं तेवढी अब्रू राखावी.

मग बेबी आली. तिच्या आईनं वय सहा सांगितलं म्हणून सगळ्यांनी सहा धरलं. मला तळव्यांवरून कळतं. ती आठाला टेकली होती. पण मला कोण विचारतं?

बेबीचं रडणं गाजलं. डोळ्यांत घालायला काही लागायचं नाही. शॉटच्या आधी आई तिच्या कानाला लागायची आणि डोळे घळाघळा वाहायला लागायचे. आई काय सांगते यावर युनिटमध्ये पैजा लागायच्या. कुणी म्हणे गेलेल्या आजोबांची आठवण काढून देते, कुणी म्हणे चिमटा काढते. मी बरोबर खाली असल्यामुळे मला ऐकू यायचं. आई म्हणायची, "घरी जायचंय ना? मग रड पटकन."

बाई वाईट नव्हती. वडील अंथरुणाला खिळलेले, घर बेबीच्या जिवावर चाललेलं. आणि बेबी माझ्यावर उभी. पाहायला गेलं तर ते घर माझ्याच डोक्यावर होतं, पण त्याबद्दल कुणी कधी हार घातला नाही.

शॉट नसला की बेबी माझ्यावर बसून पाय हलवायची आणि कपडेपटातल्या मास्तरांकडून तुरपाई शिकायची. मास्तर तिच्या फ्रॉकची खालची दुमड दाखवत म्हणायचे, "वाढत्या अंगाला चार बोटं कापड आत ठेवावं, बाळा. खात नाही, पीत नाही, पडून राहतं. लागेल तेव्हा सोडायचं."

हीच चार बोटं पुढे नडली. त्याचं असं झालं. एका सिनेमात बेबी अंगणातून धावत येते, दाराची कडी काढते आणि आत जाते, असा प्रसंग होता. अंगण झालं आणि नायकाचा पाय मोडला. घराच्या आतला भाग अकरा महिन्यांनी घेतला. मधल्या काळात बेबी वाढली होती. मास्तरांनी इमानानं फ्रॉकची दुमड सोडली, फ्रॉक अंगाला असा चपखल बसला की कुणाच्या काही ध्यानातच आलं नाही. दोन्ही तुकडे जोडून पडद्यावर पाहिले तेव्हा दिग्दर्शकाच्या हातातला चहा तसाच राहिला, असं लाइटमन दुसऱ्या दिवशी सांगत होता.

त्या दिवशी दिग्दर्शक सेटवर आला तो बेबीसमोरच उभा राहिला.

"दाराबाहेर ही कडीच्या खाली आहे," तो म्हणाला, "आणि दारातून आत आली की कडीच्या वर. उंबऱ्यात काय खाल्लं हिनं?"

सगळे बेबीकडे बघायला लागले. माझ्यावर उभ्या असलेल्या त्या पोरीचे तळवे गार पडले.

"चुकून झालं, काका," ती म्हणाली.

आतला भाग पुन्हा घ्यायचं ठरलं. मास्तरांनी मान खाली घालून दुमड पुन्हा घातली. लाइटमननं मला एक पायरी खाली आणलं. तरी कडीच्या वर दोन बोटं उरतच होती. तेव्हा आई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "गुडघे वाकव थोडे. फ्रॉकखाली कुणाला दिसतंय?"

कुणालाच दिसलं नाही. मला कळलं, कारण टाचांवरचा भार चवड्यांवर आला. मी गप्प बसलो. लाकडाला तोंड नसतं हे खरं, पण करकरता आलं असतं. ते मी केलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पुढचे तीन सिनेमे बेबीनं गुडघे वाकवून केले. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की तिच्या चालण्यात गोड लचक आहे. आईनं ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं.

शेवटी एका सकाळी कॅमेरामननं डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "ठोकळा आडवा." पुन्हा पाहिलं. "ठोकळा काढा." मला बाजूला केलं. पुन्हा पाहिलं. "बेबी, जरा खाली." ती वाकली. "अजून थोडी." ती अजून वाकली. मग तो लेन्स पुसत बसला. दुसऱ्या आठवड्यात त्या कामासाठी नवी मुलगी आली, तिच्याबरोबर तिची आईही.

त्या दिवशी बेबी न रडता घरी गेली. जाताना तिनं लाइटमनला विचारलं, "काका, हा नेऊ?"

"ने," तो म्हणाला. "झिजलाय तो तुझ्याच पायांनी."

घरी माझं काय काय झालं ते ऐकण्यासारखं नाही. काही वर्षं माझ्यावर कुंडी, काही वर्षं बादली. वडील गेले, आई म्हातारी झाली. एक दिवस बेबीनं मला घासून पुसून उचललं आणि एका अरुंद दुकानात आणून ठेवलं. बाहेर पाटी लागली: कपडे लांब-आखूड करून मिळतील. तेव्हापासून लोक माझ्यावर उभे राहतात, बेबी तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसते आणि कड बरोबर करते. समोर एक आरसा आहे, तिनं स्वतःच्या उंचीला लावलेला. लहान मुलाचा कपडा असला की चार बोटं आत ठेवते. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ठेवते.

आता ती साठीला आली. तिला कुणी ओळखत नाही आणि तिचं त्यावाचून काही बिघडत नाही. कधी टीव्हीवर जुना सिनेमा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काय रडलीय हो ती पोरगी!" बेबी म्हणते, "पँट अर्धा इंच घेऊ की पाऊण?"

फक्त एक गोष्ट राहिली. तिचे गुडघे सरळ झाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हाडात काही नाही, सवय आहे. सगळी गल्ली तिला ठेंगणी समजते. ती उंच आहे हे जगात फक्त मला ठाऊक. एकदा तरी तिनं ताठ उभं राहावं, एवढीच माझी इच्छा. ठोकळ्याला दुसऱ्या काय इच्छा असणार?

परवा दुपारी एक बाई मुलीला घेऊन आली. हातात गुलाबी फ्रॉक.

"सिनेमाच्या निवडीला जायचंय," बाई म्हणाली. "सहा वर्षांच्या मुलीचं काम आहे. चांगला आखूड करा. आणि आतलं कापड कापूनच टाका, जाड दिसतं."

मुलगी फ्रॉक घालून माझ्यावर चढली. पाय ठेवताक्षणी मी ओळखलं. टाचा हलक्या, सगळा भार चवड्यांवर.

बेबी कात्री घेऊन खाली बसली. तिचे डोळे नेमके त्या गुडघ्यांसमोर आले. कात्री उघडी ती उघडीच राहिली. मग तिनं कात्री जमिनीवर ठेवली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"किती वर्षांची तू?"

मुलीनं आईकडे पाहिलं. "सहा."

"कड मारण्यापुरतं विचारतेय."

"नऊ," मुलगी म्हणाली. "पण मी फार नाही वाढले."

"सरळ उभी राहा, बाळा."

"राहू द्या ना, ताई," बाई म्हणाली. "तेवढीच सवय होईल तिला."

"होते," बेबी उठून उभी राहत म्हणाली. "माझी पन्नास वर्षांत गेली नाही."

बाईला काही कळलं नाही. मुलीनं मात्र बेबीच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"तुम्ही पण कुठे सरळ उभ्या राहता?" ती म्हणाली.

बेबीनं तिला हात दिला. "उतर खाली."

मग माझ्यावर आधी बेबीचा उजवा पाय आला, मग डावा. किती वर्षांनी! तळवे रुंद झाले होते, पण उजव्या अंगठ्याचा तो जुना दाब मी लाखांत ओळखला असता. तिनं टाचा टेकल्या. एक गुडघा कडकडला, मग दुसरा. माझी एक फळीही करकरली. या वेळी मी तिला अडवलं नाही.

मुलगी आरशाकडे बघून हसायला लागली. "तुमचं डोकं आरशात मावत नाही."

बेबीनं पाहिलं. आरशात हनुवटीपर्यंतच बाई होती, वरचं सगळं बाहेर.

"नाही मावत," ती म्हणाली. "राहू दे बाहेर."

ती बराच वेळ उतरली नाही. बाईनं घड्याळ दाखवलं तेव्हा उतरली. फ्रॉकचं कापड तिनं कापलं नाही, चार बोटं आत घातली आणि तुरपाई सैल घातली, नुसत्या हातानं सोडवता येईल अशी. कशी सोडवायची ते मुलीला दाखवून ठेवलं. त्या मुलीची निवड झाली की नाही, मला माहीत नाही.

माझी एक फळी त्या दिवसापासून फुटली आहे. बेबीनं खिळा मारला, पण आता फार दिवस निघणार नाहीत. तेव्हा जाण्याआधी एक विनंती. पोराला कौतुकानं उंचावर उभं कराल, तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघतील. तुम्ही एकदा वाकून त्याच्या टाचा टेकल्यात का ते बघा. काल बेबीनं आरसा काढून वीतभर वर लावला. खिळा ठोकताना ती माझ्यावरच उभी होती, आणि तिच्या दोन्ही टाचा टेकलेल्या होत्या.