चांद्याचा खूर

ढोकीच्या कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्या महानंदाच्या दारात थांबायला लागल्या, आणि मथुराबाईच्या भाकरी करपायला लागल्या. भिंतीपलीकडं ठोका पडला की तिचा हात परातीतच राहायचा. ठक, ठक, ठक. मग बैल धडपडत उठायचा, गाडीवान म्हणायचा, "झ्याक बसली पत्री, बाई," आणि इकडं तव्यावरून धूर निघायचा.

"भाकर जळतीया," तिचा नवरा बसवराज म्हणाला.

"जळू द्या. गावात बाया बैल पाडाय लागल्यात, आता तुमी चूल संबाळा."

"काय वंगाळ करती ती? गावात पत्री मारणारे इमामचाचा गेल्यापासनं त्या कामाला पार तेर गावाला जावं लागायचं."

"मग जावा की पलीकडं! तुमच्या बी टाचांना ठोकून देईल."

महानंदा तिची धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा एका घराची दोन घरं झाली आणि मधे मातीची भिंत आली. महानंदाचा नवरा कारखान्यावर हंगामी कामाला. चार महिने काम, आठ महिने हात रिकामे. म्हणून बाईनं असं काम धरलं, जे त्या मुलखात कुठल्या बाईनं केलेलं नव्हतं. बैल पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आणि घोड्याच्या नालासारखी लोखंडी पत्री ठोकायची. आधी लोक हसले. मग ज्यांचे बैल डांबरी रस्त्यावर लंगडेनात, ते हसायचे थांबले.

मथुराबाई हसलीच नव्हती. तिचं दुखणं निराळं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तिचा चांद्या गेला. चांद्या आणि हौशा एकाच गाईचे, तिच्याच हातावर वाढलेले. कडबा संपला तेव्हा तिनं छपराचं पाचट उपसून त्यांना घातलं. हौशा तगला, चांद्या बांधाकडेला पडला तो उठला नाही. त्याला माळावर ओढून टाकलं, आणि तिनं दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीपलीकडं ठोके सुरू झाले. दारात बैल नाही, गाडी नाही, नुसती ठकठक. एकदा मथुराबाई विस्तव मागायला पलीकडं गेली आणि गोवऱ्यांच्या मागं तिला मडकं दिसलं. पाण्यात खूर भिजत घातलेले. एका खुराला बाजूनं खाच होती. नांगराचा फाळ लागलेली ती खाच तिनंच हळद भरून बरी केली होती.

"करणी करती ही! माझ्या बैलाचं खूर दडवून ठेवलंय!" तिनं गल्ली गोळा केली.

महानंदा हातातली हातोडी न ठेवता बाहेर आली. "करणी न्हाय आक्का. पत्री मारायला शिकतीया. इमामचाचा म्हणलं, जित्या बैलावर शिकायचं नसतंय बेटी. खिळा खुराच्या आत, जित्या मासात, जिव्हारी लागला तर बैल जन्माचा जातो. आधी मेल्या खुरावर हात बसव."

"आन् तुला माझाच बैल घावला व्हय गं?"

"माळावर लई जनावरं पडली हुती. पर खूर सगळ्यांचं फुटल्यालं. चांद्याचाच तेवढा धड हुता. तुमी जपल्याला."

हे बोलणं मात्र मथुराबाईच्या जिव्हारी लागलं. आपण जपलं, आणि त्याच्यावर हिनं विद्या केली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं.

हंगाम आला. उसन्या बैलाच्या जोडीनं हौशा उसाची गाडी ओढायला लागला, आणि त्याच्या पत्र्या झिजल्या. बसवराज म्हणाला, दारातच सोय आहे. मथुराबाई म्हणाली, माझा बैल तिच्या दारात जायचा नाही. सडकेवर एक फिरता माणूस भेटला, त्याच्याकडून पत्र्या मारून घेतल्या. तिसऱ्या खेपेला हौशा पाय टेकेना. उसाची भरलेली गाडी गल्लीत उभी राहिली, जू रिकामं.

"बाजार दाखवावा लागतोय आता," बसवराज हळूच म्हणाला. लंगड्या बैलाला बाजारात कोण घेतो, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मथुराबाईनं कासरा हातात घेतला. भिंतीला वळसा घालून जाताना तिनं मान वर केली नाही.

महानंदानं दावं काढलं. "आक्का, शिंगं धरा," एवढंच म्हणाली. हौशाला पाडलं. तिनं खुरावर बोटानं टिचक्या मारल्या, कान लावला, आणि एका खिळ्याशी थांबली. पकडीनं तो उपसला तसं काळं रक्त आणि पू भळकन आला. हौशानं लांब श्वास सोडला. तिनं कढत तेलात हळद कालवून जखमेत भरली.

"ह्या पायाला आत्ता पत्री नको. वाळू द्या. मग म्या मारते."

"ह्योच खिळा कसा कळला तुला?" मथुराबाईनं शेवटी विचारलं.

"एकाच गाईचं हैत न्हवं दोघं? खूर बी तसंच. चांद्याच्या खुरावर माझं लई खिळं चुकलं, आक्का. जिव्हार कुठं असतंय ते चुकूनच कळलं."

मथुराबाई हौशाचं कपाळ खाजवत राहिली. बैल वाचला होता, तरी पोटातली आग विझली नव्हती. मेलेल्या चांद्यानं सगळं शिकवलं, ते हिला. आपण नुसतं रडत बसलो.

"त्यो खूर कुठाय?"

"हाय की. पार चाळण झालीया त्याची."

"आण हिकडं."

महानंदाला वाटलं, आक्का आता तो शेतात पुरणार. तिनं फडक्यात गुंडाळून आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाईनं भाकरी लवकर उरकल्या. रात्रभर भिजलेला खूर तिनं उंबऱ्यावर पायात धरला, नवऱ्याची हातोडी घेतली आणि जुन्या भोकांच्या मधे एक कोरी जागा शोधली. पहिला खिळा वाकडा गेला. पार आत, जिव्हारात. तिनं तो उपसला.

"काय चाललंय?" बसवराजनं विचारलं.

"कळंल."

ठक, ठक.

भिंतीपलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला. मथुराबाईनं दुसरा खिळा लावला. जरा वेळानं भिंतीवरून करपल्याचा वास आला. तेव्हा कुठं तिनं हातोडीवरची मूठ सैल केली, आणि ठोका नीट बसला.